घोरण्याविषयीचं सातवं कलम

राजदूतसाहेब कधी 'नाही' म्हणत नसत. तसं ते 'हो'ही म्हणत नसत, पण त्यांच्या धंद्यात याला कुणी नावं ठेवत नाही, उलट बढती देतात. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाच राजधान्या पाहिल्या आणि दोन युद्धं टाळली. त्यातलं एक कुणी करणारच नव्हतं, पण टाळलं ते टाळलंच. जेवताना बायकोने "भाजी खारट झालीय का हो?" असं विचारलं तर ते म्हणत, "मिठाच्या भूमिकेची मला पूर्ण जाणीव आहे," आणि पाण्याचा दुसरा ग्लास भरून घेत.

असा माणूस मुकाट्याने फायली लिहीत बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण साहेब कवीही होते. त्यांचे चार संग्रह निघाले होते. चंद्रावरच्या त्यांच्या कवितेत पहिल्या कडव्यात चंद्राची स्तुती होती, दुसऱ्यात चांदण्यांच्या योगदानाचा आदराने उल्लेख होता आणि तिसऱ्यात अमावस्येचीही बाजू ऐकून घ्यावी असं सुचवलं होतं. एका समीक्षकाने लिहिलं, 'ही कविता कुणाचंही मन दुखावत नाही.' साहेबांनी ते कात्रण हौसेने चौकटीत बसवून आणलं. बायकोने ती चौकट न्हाणीघराच्या दाराला आतून लावली.

बायको त्यांना 'कविराज' म्हणायची, आणि त्यात कौतुक औषधालाही नसायचं. बाई एक घाव दोन तुकडे अशी. चारही संग्रह तिने पहिल्या पानापासून वाचले होते, कारण पहिल्या पानावर अर्पणपत्रिका असते. पहिला संग्रह परराष्ट्रमंत्र्यांना अर्पण होता. दुसरा त्यांच्यानंतर आलेल्या मंत्र्यांना. तिसरा पुन्हा पहिल्याच मंत्र्यांना, कारण मधल्या काळात ते पुन्हा निवडून आले होते. चौथा 'मैत्रीच्या भावनेला'. या भावनेचा पत्ता बायकोने बरेच दिवस शोधला आणि मग नाद सोडून दिला.

अशात साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. शेवटची नेमणूक, तीन वर्षं, आहे त्याहून लांब. साहेबांनी तो कागद चहाच्या टेबलावर हळूच सरकवला. बायकोने वाचला आणि तसाच परत सरकवला.

"मी काही येत नाही," ती म्हणाली. "पाच घरं मांडली आणि पाच घरं मोडली. आता बहिणीकडे राहीन. तिची वरची खोली रिकामीच आहे."

तिच्याशिवाय परक्या गावात आपण एकटे, ही कल्पनाच साहेबांना सोसेना. पण पोटातलं ओठांवर येईपर्यंत त्याचं खलित्यात रूपांतर व्हायची त्यांना सवय लागलेली. ते म्हणाले, "तू आलीस तर ते स्वागतार्हच आहे. न आल्यास तुझ्या निर्णयाचा योग्य तो आदर राखून..."

"अहो, मी काय शेजारचा देश आहे?" तिने कप बशीत आपटला. "एक सांगते, नीट ऐका. पंधरा तारखेला लग्नाचा तिसावा वाढदिवस. तोवर मला एक कविता लिहून द्या. माझ्यासाठी. मंत्र्याला दाखवायची सोय नसलेली. तुम्हाला मी बरोबर हवी आहे की नको, एवढं तिच्यातून मला कळलं पाहिजे. कळलं तर येईन. नाही कळलं तर सत्तावीस तारखेला दुपारी चारची गाडी आहे."

साहेब म्हणाले, "या प्रस्तावाची मी नोंद घेतली आहे." आणि तिने डोक्याला हात लावला.

त्या दिवसांत साहेबांच्या गळ्यात पुलाचं काम होतं. दोन देशांच्या मधून नदी, नदीवर पूल, आणि पुलाच्या बरोबर मध्यावर सरहद्द. दोन्हीकडची भाषा एकच, त्यामुळे भांडण कधी थांबायचंच नाही. काय म्हणाले हे लगेच कळायचं. पूल गंजत चालला होता. त्याला रंग कुठला द्यायचा, कुणी द्यायचा, मधल्या पट्ट्यात झाडू कुणी मारायचा, याच्या वाटाघाटी अकरा वर्षं चालू होत्या. आपला झाडूवाला सरहद्दीपर्यंत झाडत यायचा आणि कचरा पलीकडे लोटायचा. पलीकडचा तोच कचरा अलीकडे लोटायचा. ही कामगिरी दोन्ही देशांच्या कागदोपत्री 'देवाणघेवाण' म्हणून नोंदलेली होती.

करारात आठ कलमं. एक ते सहा आणि आठवं कसंबसं ठरलेलं, चौथ्यातल्या हिरव्या रंगाची छटा तेवढी बाकी. सातव्याचं मात्र भिजत घोंगडं पडलेलं. हे सातवं कलम त्या मधल्या पट्ट्याबद्दल. तिथला कचरा कुणाचा, तिथला वारा कुणाचा, तिथे ट्रकांचा आवाज झाला तर तो कुणी ऐकून घ्यायचा. मसुद्यात सात हा आकडा घालून खाली कोरी जागा सोडली होती. पहिले दोन वाटाघाटी करणारे त्या कोऱ्या जागेकडे बघत बघतच निवृत्त झाले होते.

आता कविता. साहेबांनी सहा खर्डे लिहिले आणि सहाही फाडले. पहिल्यात 'उभय पक्षांच्या ओढीने' असं आलं. दुसऱ्यात बायकोची तुलना शांततेशी झाली, आणि तीही 'टिकाऊ' शांततेशी. चौथ्यात तर शेवटी नकळत 'प्रत माहितीसाठी रवाना' असं लिहून झालं. साहेबांना स्वतःचीच लाज वाटू लागली. एकतीस वर्षं दोन्हीकडून बोलून आपली जीभच दुभंगली की काय, असं त्यांच्या मनात आलं.

आणि मग दहा तारखेच्या बैठकीत दोन्हीकडचे रंगतज्ज्ञ हिरव्याच्या अकरा छटा टेबलावर मांडून हातघाईवर आलेले असताना साहेबांना कविता सुचली. शोधायला न जाता, आपली आपण. त्यांनी कोऱ्या कागदावर सवयीने खर्ड्याचा आकडा टाकला, सात, आणि खाली झरझर लिहिलं:

तू खिडकी उघडतेस, मी लावतो.
तू पुन्हा उघडतेस, मी झोपल्याचं सोंग घेतो.
इतक्या वर्षांत वारा कुणाचा ते ठरलं नाही.
तुझ्या बाजूचा गारवा माझ्या बाजूला येतो,
माझं घोरणं तुझ्या बाजूला जातं,
आणि दोघांपैकी कुणीही तक्रार लिहून दिलेली नाही.
असंच राहू दे.

साहेबांनी ती वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. हिरव्या रंगाने भावविवश झाले असं वाटून पलीकडच्या रंगतज्ज्ञाने एक छटा सोडून दिली.

कागद त्यांनी निळ्या फायलीत ठेवला. हाताने लिहिलेला एकही कागद निळ्या फायलीबाहेर ठेवायचा नाही, असा कचेरीचा कडक नियम होता. तो साहेबांनीच केलेला होता.

निळी फाइल रोज पाच वाजता टायपिस्टबाईंकडे जायची. या बाई अठरा वर्षं गुप्त कागद टाइप करत होत्या आणि त्यातलं एक अक्षरही त्यांनी वाचलेलं नव्हतं. हा त्यांचा बाणा होता. "मी टाइप करते, वाचत नाही," असं त्या अभिमानाने सांगत, आणि सरकारने त्यासाठी त्यांना एकदा प्रशस्तिपत्रकही दिलं होतं. ते त्यांनी वाचलं नव्हतं. तर बाईंना फायलीत साहेबांच्या अक्षरातला, सात आकड्याचा कागद मिळाला. करारात सात आकड्याखाली जागा कोरी होती. बाईंनी ती भरली, चाळीस प्रती काढल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या प्रती साहेबांपुढे ठेवल्या. हाताळायला सोपं जावं म्हणून बाई पानांचे फक्त कोपरे पंख्यासारखे पसरून धरत आणि साहेब प्रत्येक कोपऱ्यावर छोटी सही मारत जात. पानावर काय आहे ते कोपऱ्यावरून कळत नाही. साहेबांनी चाळीस सह्या केल्या. पलीकडच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाईंनी चाळीस केल्या. आणि त्यानंतर सगळ्यांनी पान उघडलं.

कुणीतरी पाणी प्यायलं तर त्याच्या घशाचा आवाज टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. आपली कविता, बायकोची कविता, चाळीस प्रतींत, दोन्ही देशांच्या मोहरेखाली!

सांगून टाकायचं होतं लगेच, असं तुम्ही म्हणाल. म्हणणं सोपं आहे. पण टेबलाचा एक नियम होता. सही होऊन टेबलावर आलेला मजकूर ज्याने मागे घेतला, त्याने बदल्यात आपलं एक कलम सोडायचं. पलीकडच्यांचा डोळा चौथ्या कलमावर होता, म्हणजे रंगावर; त्यांना मुळात राखाडी हवा होता. कवितेपायी पूल राखाडी झाला असता तर राजधानीत साहेबांची सालटी काढली असती.

शिवाय इतर कुणाला ती कविता वाटतच नव्हती. इतक्या मोठ्या टेबलाशी बसून 'मला हे समजलं नाही' असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साहेबांचे कायदेसल्लागार शेजारून पुढे वाकले. वादग्रस्त शब्द चौकोनी कंसात टाकण्याची त्यांना भारी हौस, म्हणून कचेरीत त्यांना कंसमामा म्हणत.

"साहेब," कंसमामा कुजबुजले, "जबरदस्त. 'कुणीही तक्रार लिहून दिलेली नाही.' अकरा वर्षांच्या सगळ्या तक्रारी एका फटक्यात बाद! फक्त सोंग आपण आपल्या अंगावर का घेतलं? फार मोठी सवलत दिलीत."

"ते... परिस्थितीला धरून आहे," साहेब म्हणाले.

पलीकडे त्यांचा सुरक्षातज्ज्ञ उठला. "खिडकी म्हणजे पुलावरची परवाने तपासायची खिडकी, असं आम्ही समजतो. ती आम्ही उघडतो हे खरं आहे. पण पुढे झोपेचा उल्लेख कशाला? आमचे पहारेकरी झोपत नाहीत."

"झोपल्याचं सोंग आमचे घेतात," कंसमामा म्हणाले. "नीट वाचा."

"तसं असेल तर ते आम्हाला मान्य आहे," सुरक्षातज्ज्ञ म्हणाला आणि समाधानाने बसला.

पण घोरण्यावर घोडं अडलं. घोरणं म्हणजे ट्रकांची घरघर हे दोन्हीकडे मान्य, पण ते नेहमी अलीकडून पलीकडेच का जावं? येण्याचीही तरतूद हवी. मग 'घोरणं' चौकोनी कंसात गेलं. त्याच्यामागून 'वारा' गेला, 'गारवा' गेला. संध्याकाळपर्यंत कवितेत कंसाबाहेर 'आणि' एवढाच शब्द उरला. मूळ हस्तलिखित नियमाप्रमाणे लाखेच्या मोहरेसह तिजोरीत गेलं.

आता खरी गंमत पुढेच आहे. कराराचा मजकूर जाहीर होईपर्यंत बाहेरच्या कुणालाही दाखवायचा नाही, सांगायचा नाही, त्याचा आशयही सुचवायचा नाही. अगदी घरच्यांनाही नाही. हा नियमही साहेबांचाच. त्याच्या मसुद्यात 'घरच्यांनाही' हा शब्द त्यांनी खास आग्रहाने घातला होता.

पंधरा तारीख उजाडली. बायको नवी साडी नेसून चहाच्या टेबलाशी बसली. साहेब येरझाऱ्या घालत होते.

"झाली का कविता?" तिने विचारलं. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि त्यानेच साहेबांचं काळीज हललं.

"झाली आहे."

"मग द्या की."

"देता येत नाही. ती गोपनीय आहे."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "माझी कविता गोपनीय आहे?"

"तिच्यावर वाटाघाटी चालू आहेत."

"माझ्या कवितेवर? कुणाशी?"

"याबाबत या क्षणी अधिक काही सांगणं उचित होणार नाही." हे म्हणताना साहेबांना अक्षरशः रडू येत होतं, पण एकतीस वर्षांची शिस्त. शपथ घेतली ती घेतली. "दुसरी लिहून देऊ का?" त्यांनी केविलवाणं विचारलं.

"तिच्यावर कोण कोण बसणार आहे? पूर्ण मंत्रिमंडळ?" ती उठली, आतल्या खोलीत गेली, आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला.

साहेबांनी दुसरी लिहून पाहिली. तिच्यात पुन्हा उभय पक्ष आले. खरं बोलणं त्यांना आयुष्यात एकदाच साधलं होतं आणि ते तिजोरीत होतं.

सोळा तारखेला पलीकडच्यांनी दुरुस्त्या मांडल्या. 'तू' आणि 'मी' यांच्याऐवजी 'प्रथम पक्ष' आणि 'द्वितीय पक्ष'. 'घोरणं'ऐवजी 'ध्वनी'. 'असंच राहू दे'ऐवजी 'विद्यमान स्थिती कायम ठेवण्यात येईल'.

"अगदी वाजवी आहे," कंसमामा म्हणाले. "घेऊन टाकू."

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. प्रथम पक्ष खिडकी उघडतो. त्यांना बायको दिसली, पहाटे उठून खिडकीशी गेलेली, केस मोकळे, तोंडाने पुटपुटत. ती प्रथम पक्ष नव्हती. कानशिलं तापली, आणि तोंडातून शब्द निघाला.

"नाही."

टेबलाभोवतीची सगळी डोकी वर झाली. कोपऱ्यात टिपणं घेणाऱ्या टायपिस्टबाई थांबल्या. त्यांनी अठरा वर्षांत हा शब्द साहेबांच्या तोंडून घेतलेला नव्हता.

"साहेब," त्यांनी अदबीने विचारलं, "'तूर्तास नाही' असं घालू का?"

"नुसतं 'नाही' घाला. एकही शब्द बदलायचा नाही. घोरणं तर मुळीच नाही."

त्यानंतर नऊ दिवस साहेबांनी दुसरं काही केलं नाही. पलीकडच्यांनी घोरण्याच्या बदल्यात हवी ती हिरवी छटा देऊ केली. साहेब नाही म्हणाले. रंगकामाचे तास देऊ केले; नाही म्हणाले. पलीकडच्यांची पाचावर धारण बसली. या घोरण्यामागे काहीतरी प्रचंड असलं पाहिजे, असं त्यांच्या राजधानीने ठरवलं आणि नदीच्या आवाजाची मोजमापं घ्यायला दोन माणसं धाडली. साहेबांच्या राजधानीतून तार आली: 'आपल्या कणखरपणाचं कौतुक वाटतं. घोरण्याबाबत माघार नको.' साहेबांनी ती तार वाचली आणि घरी जाऊन बॅग पाहिली. ती दाराशी येऊन उभी राहिली होती, पट्टा बांधून.

पंचवीस तारखेला चहाच्या सुट्टीत पलीकडच्या बाई कप घेऊन साहेबांशेजारी येऊन उभ्या राहिल्या. वयाने साहेबांहून मोठ्या, पांढरे केस करकचून बांधलेले. अकरा वर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"ही कविता आहे," त्या म्हणाल्या.

"यावर भाष्य करण्याच्या स्थितीत मी नाही."

"बरोबर आहे. करू नका." त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. "आमच्याकडे उलटं होतं. हे उघडायचे, मी लावायची. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. आता लावलेली खिडकी सकाळी लावलेलीच असते." बिस्किट तुटून कपात पडलं, त्यांनी ते चमच्याने शोधलंही नाही. "तुमच्या घरच्या बाईंनी वाचली का?"

"मजकूर गोपनीय आहे," साहेब कसेबसे म्हणाले. "आणि सत्तावीसला चारची गाडी आहे."

बाईंना सगळं कळलं. शहाण्या माणसाला फार सांगावं लागत नाही. चहा संपल्यावर त्या टेबलाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सातव्या कलमातले सगळे कंस आम्ही काढतो. मजकूर जसाच्या तसा. सह्या सत्तावीसला दुपारी दोनला, आणि सह्यांआधी करार मोठ्याने वाचून दाखवायचा."

कंसमामांचा चेहरा एवढासा झाला. सोळा कंस एका वाक्यात गेले होते.

साहेबांनी घरी सांगून पाहिलं. "सत्तावीसला दोन वाजता तू सभागृहात ये. का ते सांगता येत नाही."

"बरं," बायको म्हणाली, "मग मी का येत नाही, तेही मला सांगता येत नाही."

पण सव्वीस तारखेला पलीकडच्या बाईंच्या हातचं पत्र तिच्या नावाने आलं: 'करारातील एका कलमाच्या अंमलबजावणीसाठी आपली उपस्थिती आवश्यक आहे.' बायकोने ते दोनदा वाचलं. तिला कुतूहल आवरणं कधीच जमलेलं नव्हतं. ती आली, पण बॅग घेऊन आली आणि मधल्या वाटेलगतच्या खुर्चीवर बसली, उठून जाणं सोपं पडावं म्हणून.

दोनला सुरू व्हायचं ते अडीचला सुरू झालं. मग मंत्री बोलायला उभे राहिले. मंत्र्यांना पूल फार आवडत असत. त्यांनी आयुष्यात पाहिलेले सगळे पूल एकेक करून सांगितले. साहेब व्यासपीठावर बसून बायकोच्या मनगटाकडे बघत होते, कारण तिथे घड्याळ होतं. तीन वाजता मंत्री बसले. तीन वाजून पाच मिनिटांनी निवेदक वाचायला उभा राहिला. हा गृहस्थ एरवी हवामानाचा अंदाज वाचायचा, आणि बाकी सगळंही त्याच आवाजात वाचायचा. पहिलं कलम. दुसरं. तिसरं. चौथ्यात हिरव्याच्या छटेची व्याख्याच दीड पान होती. पाचवं संपलं तेव्हा तीन वाजून चोवीस मिनिटं झाली होती, आणि स्टेशन वीस मिनिटांवर.

सहावं कलम सुरू झालं. त्याला क पासून ढ पर्यंत पोटकलमं होती. बायको उठली. तिने बॅग उचलली, व्यासपीठाकडे एकदा पाहिलं आणि दाराकडे वळली.

सही करणाऱ्याने वाचन चालू असताना हलायचं नाही, खोकलाही दाबून धरायचा, असा शिष्टाचार आहे. साहेबांनी त्यावर पुस्तिका लिहिलेली होती. ते ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

"सातवं वाचा!" ते ओरडले.

निवेदक गडबडला. "साहेब, सहाव्यातलं 'छ' चाललंय."

"छ गेला खड्ड्यात! सातवं वाचा. आत्ता!"

सभागृहात श्वास घेतल्याचा आवाज आला. मंत्र्यांनी डोळे उघडले. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आमची हरकत नाही." निवेदकाने पानं उलटली आणि उद्या तुरळक सरी पडतील अशा आवाजात वाचलं:

"कलम सातवं. तू खिडकी उघडतेस, मी लावतो."

बायको दाराशी थांबली.

"तू पुन्हा उघडतेस, मी झोपल्याचं सोंग घेतो."

ती सावकाश वळली. "सोंग?" ती म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. सुरक्षातज्ज्ञ तिला समजवायला अर्धवट उठला आणि त्याला पलीकडच्या बाईंनी कोटाला धरून खाली बसवलं.

निवेदक पुढे वाचत राहिला, वारा, गारवा, आणि घोरणं तर त्याने स्पष्ट उच्चारात दिलं. बायको बॅग खाली ठेवून तिच्यावरच बसली. 'असंच राहू दे' आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती हसते आहे की रडते आहे, हे व्यासपीठावरून कळत नव्हतं. साहेब उभेच होते. एवढ्या लोकांसमोर आपलं मन असं उघडं पडलं याची त्यांना भयंकर लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं. लोकांनी काही न समजून टाळ्या वाजवल्या. कंसमामांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

मग सहाव्यातलं 'छ' आलं, ढ पर्यंत गेलं, आठवं झालं, सह्या झाल्या. चार वाजून गेले. गाडी गेली.

सभागृह रिकामं होत असताना बायको व्यासपीठाशी आली. कार्यक्रमपत्रिकेच्या मागे तिने पेनने काहीतरी लिहिलं होतं. ती घडी घालून तिने फक्त कोपरा साहेबांपुढे धरला, अगदी टायपिस्टबाई धरायच्या तसा.

"करा सही."

"आधी वाचू का?"

"नाही."

साहेबांनी सही केली. मग तिने घडी उलगडून त्यांच्या हातात दिली.

'वारा माझा. खिडकी उघडी राहील. घोरण्याबद्दल माझी तक्रार आहे, ती तीस वर्षांत लिहून द्यायची राहून गेली एवढंच. तिकडच्या घरी आल्यावर देते.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाले, "हो."

"हो काय? आणखी काही नाही? कशाची नोंदबिंद?"

"नुसतं हो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बॅग उचलली.